सहाव्यांदा घोळणा फुटला तेव्हा: निपाणी भागातील सात वर्षांच्या मुलाचे प्रकरण

या भागात बालरोग आणि कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका मुलात एकत्र आणून हे प्रकरण मांडले आहे. त्यामुळे यातला मुलगा ओळखीचा वाटेल, पण तो कोणा एकाच घरातला नाही. औषधांची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. इथे दिलेले आकडे २१ किलोच्या मुलासाठी आहेत, ते आपल्या मुलाला जसेच्या तसे लावू नयेत.

त्या रात्री काय झाले

मार्चचा शेवटचा आठवडा. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यातले गाव. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, आई घरी बिड्या वळणारी. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात जरद्याचे सूप आणि पानांची टोपली. रात्री दोनच्या सुमारास मुलगा उठून रडू लागला. दिवा लावला तर उशी, गाल आणि सदऱ्याची बाही रक्ताने माखलेली.

नाकातून रक्त यायची गेल्या तीन आठवड्यांतली ही सहावी वेळ. आधीच्या पाच वेळा तीन-चार मिनिटांत रक्त आपोआप थांबले होते, म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नव्हते. या वेळी थांबेना. आजी म्हणाली, "उन्हं बाधल्यात पोराला, उष्णता उठलीया." मुलाला उताणे झोपवले, मान मागे टाकली, टाळूवर माठातले पाणी ओतले, फोडलेला कांदा नाकाशी धरला. वडिलांनी नाक दाबले, पण दाबले ते वर, दोन डोळ्यांच्या मधल्या हाडावर. आणि दर अर्ध्या मिनिटाला हात काढून "थांबलं काय" म्हणून पाहत राहिले. अंगणातून हरळी खुडून आणली. तिचा रस नाकात पिळणार, तेवढ्यात मुलाला मोठी उलटी झाली: काळसर, गाठी असलेली. काही मिनिटांनी पुन्हा एक. पोटात काहीतरी फुटले असे समजून घरात रडारड सुरू झाली, आणि शेजाऱ्याच्या गाडीतून मुलाला निपाणीला आणले.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे गेली होती. नाकातून अजून थेंब-थेंब येत होते. परिचारिकेने मुलाला आईच्या मांडीवर सरळ बसवले, मान पुढे झुकवली, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे धरून ठेवला. रक्त थांबले. औषध, इंजेक्शन, सलाइन यांतले काहीही लागले नाही.

चाळीस मिनिटे का लागली

घरातल्या प्रत्येक माणसाने मायेपोटी जे केले, त्याने रक्तस्राव लांबला. हे घरच्यांना दोष न देता पण स्पष्ट सांगावे लागते, कारण न सांगितल्यास पुढच्या वेळी नेमके तेच होते.

नाकाला हात लावून पाहा. वरचा भाग कडक लागतो, ते हाड. तिथून खाली आले की नाक मऊ होते. मुलांचा घोळणा जवळजवळ नेहमी या मऊ भागाच्या आतून, नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाला फुटतो. नाकपुडीच्या तोंडापासून जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत. त्या जागेला डॉक्टर 'लिटल्स एरिया' म्हणतात. चार-पाच रोहिण्यांच्या बारीक फांद्या तिथे जाळ्यासारख्या एकत्र येतात, आणि त्यांच्यावर कूर्चेला (लवचीक मऊ हाडाला) चिकटलेले अगदी पातळ अस्तर असते. आत ओढलेली कोरडी हवा पहिल्यांदा तिथेच आदळते, आणि मुलाचे बोटही तिथेच पोहोचते. वडिलांनी दाबलेल्या हाडाखाली यातले काहीच नव्हते. तो दाब कितीही जोराचा असता तरी फुटलेल्या केशवाहिनीपर्यंत पोहोचला नसता.

दर अर्ध्या मिनिटाला हात काढणे ही दुसरी चूक, आणि आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान हीच करते. गाठ धरायला काही मिनिटे अखंड दाब लागतो. मध्ये हात काढला की कच्ची गाठ सुटते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. घरचे सांगतात, "अर्धा तास धरलं होतं की." धरलेले असते खरे, पण सलग दोन मिनिटेही नसते.

मान मागे टाकली की नाकातून येणारे रक्त दिसेनासे होते, म्हणून ते थांबल्यासारखे वाटते. ते घशात उतरत असते. पोटात गेलेले रक्त जठराला सोसत नाही, उलटी होते, आणि जठररसामुळे त्याचा रंग कॉफीच्या चोथ्यासारखा दिसतो. त्या रात्रीची भीतीदायक उलटी म्हणजे नाकातलेच रक्त. दुसऱ्या दिवशी शौचाला काळे झाले, तेही त्याच कारणाने. गुंगीत असलेल्या किंवा फार लहान मुलात हे रक्त श्वासनलिकेतही जाऊ शकते.

कांद्याच्या वासाने शिंक येते आणि शिंकेने धरलेली गाठ उडते. हरळीचा रस, डाळिंबाच्या फुलाचा रस, तूप या गोष्टी रक्त वाहत असताना नाकात घालू नयेत. झोपलेल्या मुलाच्या नाकात ओतलेले तूप-तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो सहज बरा होणारा नसतो. टाळूवर पाणी ओतल्याने अपाय नाही, पण त्यात मोलाची मिनिटे जातात आणि मूल घाबरते. घाबरून रडणारे मूल नाक ओढते, शिंकरते, आणि रक्त वाढते.

उष्णतेच्या समजुतीत थोडे तथ्य आहे. मार्च-एप्रिलमध्ये निपाणी, चिक्कोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात हवा कोरडी आणि तापलेली असते. डिसेंबर-जानेवारीतली पहाटही कोरडीच. अशा हवेत पडद्याचे अस्तर सुकते, त्याला खपली धरते, ती खाजते, मूल ती काढते आणि खालची केशवाहिनी उघडी पडते. कोरडेपणा हवेत असतो आणि जखम नाकात. ताक-सब्जा पाजून पोट थंड केल्याने ती खपली भरून येत नाही.

घरी करायचे ते असे

मुलाला खुर्चीवर किंवा मांडीवर सरळ बसवा, झोपवू नका. मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे. पुढ्यात वाटी किंवा छोटी परात ठेवा. मोठ्या मुलाला एकदा हलकेच नाक शिंकरू द्यावे, म्हणजे सैल गाठी निघून जातात आणि दाब नीट बसतो. लहानग्याला तेही नको. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी पूर्ण मिटेल असा धरा. रक्त एकाच नाकपुडीतून येत असले तरी दोन्ही धरा. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत बोटे हलवू नका. मुलाला सांगा, "तोंडानं श्वास घे, घशात आलेलं थुंक, गिळू नको." सात-आठ वर्षांचे मूल शिकवल्यास स्वतःचे नाक स्वतः धरू शकते. शाळेत याचा फार उपयोग होतो.

गजर वाजल्यावर हळूच हात काढा. पुन्हा येत असेल तर आणखी दहा मिनिटे, तितक्याच नेटाने. वीस मिनिटांनीही थांबले नाही तर नाक धरलेलेच ठेवून दवाखान्याकडे निघा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी घ्या. चेहरा पांढरा पडला, अंगाला गार घाम सुटला, मूल सुस्तावले, किंवा रक्त धारेने घशात उतरू लागले, तर वीस मिनिटांची वाट पाहू नका. नाकात कापसाचा बोळा कोंबू नये. तो काढताना खपली सोबत येते, आणि कापसाचे धागे आत राहतात.

रक्त किती गेले याचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली रक्त, पांढऱ्या सदऱ्यावर तळहाताहून मोठा डाग पाडते. २१ किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असते. सगळे वाटीत धरले तर दहा-वीस मिलीच भरते, आणि तेवढे पाहून आईचा जीव थोडा खाली येतो. वाटी ठेवायचे हेही एक कारण.

थांबल्यावर पहिले चोवीस तास गरम चहा-दूध नको, कढत पाण्याने अंघोळ नको, भाकरी-आमटी कोमट करून द्यावी. नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी. आठवडाभर कबड्डी, उड्या, जड दप्तर टाळावे. ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यांनी रक्तबिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावते.

तपासणीत काय आढळले, आणि काय विचारले

नाडी मिनिटाला १०८, रक्तदाब ९८/६०, हातपाय उबदार. म्हणजे रक्त गेल्याने शरीरावर ताण आलेला नव्हता. नाकाचे टोक वर उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिले: उजव्या बाजूला पडद्याच्या पुढच्या भागावर तपकिरी खपली, कडेला नखाचा ओरखडा, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी लाल केशवाहिनी. डावी बाजू कोरडी पण शाबूत. घशात ताजे रक्त नव्हते. अंगावर काळे-निळे डाग, टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, वाढलेली प्लीहा किंवा गाठी यांपैकी काही नव्हते. उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखात मात्र वाळलेले रक्त होते.

यानंतरचे प्रश्न तपासणीइतकेच महत्त्वाचे. दूधदात पडले तेव्हा रक्त किती वेळ आले? सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फार उपयोगी प्रश्न आहे. प्रत्येक पडलेला दात ही घरीच झालेली एक चाचणी असते. या मुलाचे चार दात पडले होते आणि दर वेळी मिनिटा-दोन मिनिटांत थांबले होते. लस टोचलेल्या जागी मोठी सूज किंवा निळा डाग? नाही. आईला पाळीत फार अंगावर जाते का, बाळंतपणात रक्त चढवावे लागले का? नाही. आईवडिलांचे नाते?

शेवटचा प्रश्न या मुलखात टाळून चालत नाही. मामाची मुलगी करणे इथे मराठी आणि कानडी दोन्ही घरांत जुने आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत रक्त न गोठण्याचे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार अधिक आढळतात. त्यांपैकी ग्लान्झमान थ्रोम्बास्थेनिया हा डॉक्टरांनाही चकवणारा, कारण त्यात रक्तबिंबिकांची संख्या नेहमीसारखी भरते, गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्याही ठीक येतात, आणि तरीही घोळणा तासन्‌तास थांबत नाही. बिंबिका असतात, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. व्हॉन विलेब्रांड आजारातही (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचा आनुवंशिक दोष) साध्या चाचण्या कित्येकदा ठीक दिसतात. म्हणून 'रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे' या कागदावर विसंबून घराण्याचा इतिहास विचारायचे सोडू नये. या मुलाचे आईवडील आते-मामे भावंडे होते. तरीही दातांचा इतिहास निर्मळ होता आणि नाकात जखम समोर दिसत होती, म्हणून पहिल्या फेरीत फक्त संपूर्ण रक्तगणना केली. महिनाभर नीट उपचार करूनही रक्त येत राहिले तर पुढच्या चाचण्यांसाठी बेळगावला पाठवायचे, असे कागदावर लिहून दिले.

रक्तबिंबिका २.८ लाख, म्हणजे ठीक. हिमोग्लोबिन १०.६. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात ११.५ च्या खाली पंडुरोग धरतात. एवढी घट केवळ सहा वेळच्या घोळण्याने होत नाही. आहारातले लोह आधीपासूनच कमी असावे, त्यात ही भर.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली: रोज सकाळी आठ-दहा शिंका, नाक चोळायची सवय. खोलीत जरद्याची धूळ, जानेवारीपासून वखारीतून वडिलांच्या कपड्यांवर येणारी तीच धूळ, आणि चुलीचा धूर. नाक खाजायला एवढे पुरेसे आहे.

उपचार

केशवाहिनी दिसत असूनही ती सिल्व्हर नायट्रेटने जाळली नाही. मलमाने बहुतेक मुले बरी होतात, आणि जाळण्यासाठी मुलाला घट्ट धरावे लागते. तो मार्ग नंतरही मोकळा राहतो. करायचे झाले तर मुलांमध्ये ७५ टक्क्यांची कांडी आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम जाळल्या तर मधल्या कूर्चेचा रक्तपुरवठा तुटून पडद्याला भोक पडू शकते.

मुपिरोसिन या प्रतिजैविकाचे मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे. त्यानंतर रोज झोपताना साधी पेट्रोलियम जेली, आणखी दोन आठवडे. लावायची पद्धत दाखवूनच द्यावी लागते: मुगाच्या दाण्याएवढे मलम करंगळीच्या टोकावर घ्यायचे, नाकपुडीच्या आतल्या कडेला टेकवायचे, आणि बाहेरून नाक हलके चोळून ते पसरू द्यायचे. कान कोरायची काडी आत घालायची नाही, तिने खपलीच निघते. मलमाआधी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब. तयार थेंब औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतात. घरी करायचे तर पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. उरलेले दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे.

नखे दर तीन दिवसांनी कापायची. झोपेत बोट नाकात जाते, त्यासाठी पहिले दोन आठवडे सुती हातमोजे. जरद्याचे सूप रात्री पडवीत. वडिलांनी वखारीतून आल्यावर कपडे बदलून मगच मुलाला जवळ घ्यायचे. पंख्याचा झोत थेट तोंडावर नको. खाटेजवळ ओला पंचा वाळत घातला तरी हवेला थोडी ओल येते.

शिंकांसाठी रात्री सेटिरिझिन ५ मिलिग्रॅम. नाकातला स्टिरॉइडचा फवारा खपली भरेपर्यंत लांबवला. पुढे तो द्यावा लागला तर उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारायचा, म्हणजे फवाऱ्याचे तोंड कानाच्या दिशेला राहते. सरळ मधल्या पडद्यावर मारलेला फवारा स्वतःच घोळणा फोडतो, आणि मग औषध मानवत नाही म्हणून ते विनाकारण बंद केले जाते.

लोहाचे सिरप रोज सुमारे ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह मिळेल एवढे, जेवणाआधी, लिंबूपाण्यासोबत, चहासोबत नाही. शौचाला काळे होईल हे आधीच सांगितले. ते न सांगितल्यास आई पुन्हा रक्त समजून धावत येते.

असे नसते तेव्हा

वरचे सगळे पुढच्या भागातून येणाऱ्या साध्या घोळण्याचे. साधारण तीन ते आठ वर्षांत तो सर्वाधिक दिसतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकातून रक्त आले तर घरी थांबू नये, ते नेहमीचे नाही.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा रक्तमिश्रित शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलेले असते: चिंचोका, मणी, स्पंजाचा तुकडा. बटण सेल (घड्याळ-खेळण्यातली गोल चपटी बॅटरी) असेल तर ती काही तासांतच पडदा जाळते. अशा वेळी नाकात मिठाचे थेंबही घालायचे नाहीत, कारण ओलाव्याने जाळणे वाढते. रात्र असली तरी निघायचे. खानापूरच्या बाजूला ओढ्यात किंवा तळ्यात डुंबणाऱ्या, ओंजळीने पाणी पिणाऱ्या मुलाच्या नाकात जळू शिरू शकते. कित्येक दिवस एकाच बाजूने थोडे-थोडे रक्त आणि आत काहीतरी वळवळल्याची तक्रार, ही तिची खूण. घरी ओढू नये, मीठ टाकू नये. डॉक्टर भूल देणारे थेंब घालून ती सैल करून काढतात.

तापासोबत रक्त आले की विचार बदलतो. डेंगीत ताप उतरतो त्याच सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवशी, धोका वाढतो. ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नये. जंगलालगतच्या गावांत माकडतापाचाही (गोचिडींमुळे होणारा विषाणूचा ताप) विचार करावा. शिवमोगा जिल्ह्यात १९५७ साली ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात आढळला, आणि खानापूरचे जंगल त्या मुलखाला लागूनच आहे. शेतात पायाला काही चावले आणि नंतर नाक-हिरड्यांतून रक्त आले, तर ते घोणस किंवा फुरशाचे विष समजून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

दहा-बारा वर्षांवरच्या मुलग्याची एकच नाकपुडी कायम बंद आणि तिच्यातून मोठा रक्तस्राव, अशी जोडी दिसली तर नाकामागच्या अँजिओफायब्रोमाची (रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीची) शंका घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. त्याचा तुकडा दवाखान्यात काढायला जाऊ नये, प्रचंड रक्त जाते.

निपाणीहून बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास, त्यामुळे मूल कुठेही नेले जाते. बेळगावच्या बाजूला परिचारिका बहुधा कानडीत विचारतात: "याव कडे?" म्हणजे कोणत्या बाजूने, "एष्टु होत्तु?" म्हणजे किती वेळ. "मूगिनिंद रक्त बरतैति" एवढे वाक्य आणि त्यापुढे बाजू व मिनिटे सांगता आली तर पहिली पाच मिनिटे वाचतात. बाजू कोणती आणि किती वेळ, हे घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. चाचण्या कुठल्या करायच्या हे पुष्कळदा त्या वहीवरच ठरते.

पुढे काय झाले

पाचव्या दिवशी पुन्हा घोळणा फुटला. वडिलांनी मऊ भाग धरला, गजर लावला, आठ मिनिटे होता होता मुलगाच म्हणाला, "थांबलं." तरी दहा पूर्ण केली. विचारल्यावर कळले की तीन दिवस रक्त आले नाही म्हणून मलम बंद केले होते. हे जवळजवळ ठरलेलेच असते. वरून कोरडी दिसणारी खपली खाली ओलीच असते, आणि अस्तर पूर्ण भरायला दोन-तीन आठवडे जातात. मलम पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजून सुरू केले.

दोन आठवड्यांनी उजव्या बाजूची खपली गेली होती, जागा फिकट गुलाबी. त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत एकदाही रक्त आले नाही, त्यामुळे बेळगावच्या चाचण्यांची गरज पडली नाही. आठव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.८, तरी साठा भरून निघावा म्हणून लोह आणखी दोन महिने चालू ठेवले. जूनमध्ये पावसाची हवा आली आणि जेली बंद केली. आईला तारीख लिहून दिली आहे: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, घोळणा फुटायची वाट न पाहता, रोज झोपताना मुगाच्या दाण्याएवढी जेली, कोरडी हवा असेपर्यंत, आणि वखारीचा हंगाम सुरू झाला की पडवीतले सूप आत आणायचे नाही.